पाचच्या बसला घातलेला टाका

त्या सकाळी घरातून निघायला उशीर झाला तो एका हातमोज्यापायी. भिंगरीचा उजव्या हाताचा मोजा सापडला, डाव्या हाताचा काही सापडेना. लाल लोकरीचे, सासूबाईंनी स्वतः विणलेले मोजे. अंगठ्यापाशी किंचित तिरके. पण त्या तिरकेपणाबद्दल बोलायची घरात कुणाची छाती नव्हती. भिंगरीच्या आईने पलंगाखाली पाहिलं, धुण्याच्या टोपलीत पाहिलं, आणि एकदा फ्रिजसुद्धा उघडून पाहिला, कारण स्वतःच्या डोक्यावर तिचा फारसा भरवसा नव्हता.

"वस्तू जागच्या जागी ठेवली की शोधावी लागत नाही," सासूबाई दारातून म्हणाल्या.

"हो आई."

"मी काही म्हणत नाही हं. आपलं सांगितलं."

भिंगरी चार वर्षांची. एका जागी बसलेली दिसली तर ताप आलाय की काय म्हणून कपाळाला हात लावून बघावा, अशी पोर. ती शेवटी एकच मोजा घालून, दुसरा हात खिशात कोंबून, गाल फुगवून बालवाडीला गेली. बालवाडी शहराच्या पार टोकाला, पंपघराच्या मागे. जवळपास कुठे जागा मिळाली नव्हती. सकाळी आई सोडायची. दुपारी सासूबाई जाऊन तिला आणायच्या, बसने, थेट शहरातल्या मुख्य थांब्यापर्यंत. त्या थांब्याच्या डोक्यावरच आईचं ऑफिस होतं. तिथून तिघी मिळून घरी. नवरा फिरतीच्या नोकरीवर. अधूनमधून यायचा आणि पाहुण्यासारखा संकोचून चहा मागायचा.

हरवलेला मोजा दुपारी सापडला. आईच्याच पर्समध्ये, चाव्यांच्या खाली. सकाळी लेकीचं नाक पुसताना तिनेच तो तिथे कोंबला होता. 'काखेत कळसा' हे तिच्यासाठीच कुणीतरी लिहून ठेवलं असणार. घरी सांगायचं की नाही यावर तिने बराच विचार केला, आणि मोजा पुन्हा चाव्यांखाली ठेवून दिला.

तिचं ऑफिस म्हणजे शहर बससेवेची नियंत्रण खोली. नावाला एक खिडकी, तीही डेपोच्या पत्र्यावर उघडणारी. आत सदा तापलेल्या वायरींचा आणि शिळ्या चहाचा वास. भिंतभर पडदे, पडद्यांवर शहराचा नकाशा, आणि नकाशावर मुंग्यांसारखे सरकणारे ठिपके. प्रत्येक बसमध्ये एक जीपीएसची डबी बसवलेली असते. बस कुठे आहे ते ती सतत कळवत राहते. बस वेळेवर असली तर ठिपका हिरवा. रेंगाळली की लाल. महिन्याच्या शेवटी हिरव्याचं प्रमाण काढायचं आणि त्याला म्हणायचं 'विश्वासार्हता'. सासूबाईंना तिने एकदा हे सगळं हौसेने समजावून सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणंच की."

तिचं काम टाका घालायचं. म्हणजे असं : बस उंच इमारतींमधून गेली, किंवा धुक्यात सापडली, की डबी गप्प होते. ठिपका नकाशावरून गायब. मग अलीकडचा शेवटचा ठिपका आणि पलीकडचा पहिला, यांच्यामधली वाट आपण जोडून द्यायची. कापड उसवलं तर दोन टाके घालतो, तसंच. यात वावगं काही नव्हतं. पण टाक्याची सवय वाईट. आधी दोन थांब्यांमधलं अंतर शिवलं जायचं. मग अर्धी फेरी. मग ज्या बसला ड्रायव्हरच मिळाला नाही, जी डेपोतून हललीच नाही, तिची अख्खी फेरी. त्यासाठी कालची वाट उचलायची आणि आजच्या दिवसावर डकवायची. झाली फेरी. तीही हिरवी.

"यात खोटं काही नाही," साहेब म्हणायचे. साहेब फार सौम्य माणूस. रुमाल पांढराशुभ्र, आवाज त्याहून. "फाटलेलं शिवतो आपण. झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडी करून कुणाचं भलं होणार आहे?"

थांब्यांवरच्या विजेच्या पाट्याही याच ठिपक्यांवर चालायच्या. तेव्हा जी बस निघालीच नाही, तिच्याबद्दलही पाटी सांगायची : तीन मिनिटं, दोन मिनिटं, एक, 'आली'. आणि मग ओळ पुसली जायची. थांब्यावरची माणसं रस्त्याकडे बघत राहायची. माणूस मोठा भला प्राणी. समोरची पाटी खोटं बोलत असेल हे त्याच्या मनातही येत नाही. आपणच क्षणभर मान वळवली असेल, असं म्हणून तो स्वतःलाच बोल लावतो. हे तिला ठाऊक होतं. ठाऊक असून ती रोज दुपारचे टाके जेवणाआधीच घालून ठेवायची, कारण जेवणानंतर भिंगरीची काळजी सुरू व्हायची आणि मग हातून चुका व्हायच्या.

शेजारच्या टेबलावरच्या पोपटाने तिचं नाव ठेवलं होतं 'शिंपीणबाई'. पोपट हे त्याचं खरं नाव नव्हे. तक्रारींचे फोन तो घ्यायचा, आणि कुणीही काहीही सांगितलं तरी पाठ केलेली तीनच वाक्यं म्हणायचा : आपल्याला त्रास झाला याचा खेद आहे. नोंद घेतली आहे. चौकशी करतो.

आता खरी गोष्ट.

पंपघराहून निघणारी पाचची बस तिने कधीच धावताना पाहिली नव्हती. नोकरीला लागल्या दिवसापासून ती शिवलेलीच. म्हणूनच सासूबाईंना तिने बजावलं होतं, त्या आधीची बस धरायची, पाचची नाही. का नाही, ते मात्र सांगितलं नव्हतं. "ती उशीर करते," एवढंच म्हणाली होती. आपली सून दिवसभर न धावलेल्या बसगाड्या धाववते, हे सासूला कुठल्या तोंडाने सांगणार?

तर त्या बसच्या ठिपक्याने काही दिवसांपासून एक चाळा सुरू केला होता. तो मधेच थांबायचा. पंपघर सोडलं की गोदामाचा थांबा, आणि गोदामानंतर जुना तलाव. तिथे रस्ता तलावाच्या भिंतीला खेटून वळतो. त्या वळणावर थांबा नाही, दुकान नाही, काही नाही. ठिपका नेमका तिथे थांबायचा. पहिल्या दिवशी डोळ्यांचं पातं लवेपर्यंत. मग जरा जास्त. मग आणखी.

नक्कल केलेला ठिपका म्हणजे मेलेला ठिपका. काल जे केलं तेच त्याने आज करायचं. स्वतःच्या मनाने थांबायला त्याला मन कुठलं? दुसरं कुणी असतं तर घाबरलं असतं. हिने काय केलं? हिने मान्य केलं की चूक आपलीच. काल डकवताना हात हलला असेल. आणि थांब्याबाहेरची थांबणूक आकड्यात वजा धरतात, म्हणून तिने ती रोज नीट पुसून टाकली. पुसली की ठिपका मुकाट पुढे निघायचा, वेळेवर पोचायचा, हिरवा. स्वतःची चूक सापडल्याचं एक प्रकारचं समाधानही तिला मिळायचं. त्या बाबतीत तिचा अंदाज सहसा चुकत नसे.

त्या दिवशी दुपारपासून धुकं उतरलं. खिडकीतून डेपोचा पत्रा दिसेनासा झाला. पोपटाने फोन हातात धरून तिला खूण केली. त्याच्या ओठांवर हसू होतं.

"शिंपीणबाई, ऐका, ऐका. तुमच्या पाचच्या बसबद्दल तक्रार आहे. न धावलेल्या बसबद्दल! विश्वासार्हता म्हणतात ती हीच."

तिने फोन घेतला. पलीकडे म्हातारा आवाज. आपण निवृत्त शिक्षक, तलावासमोरच्या चढावर राहतो, असं त्याने आधी सांगितलं. फोनवरही वर्गात बोलल्यासारखा, एकेक शब्द सुटा.

"बाई, तुमची पाचची बस रोज भिंतीपाशी थांबते. तिचे दिवे का लावत नाहीत?"

"काका, तिथे थांबा नाहीये. दुसरी गाडी असेल."

"बस मला ओळखू येते. गॅलरीतून समोरच दिसते. थांबते, दार उघडतं. माणसं उतरतात." मग त्याने एकेक शब्द आणखी सुटा केला. "रस्त्याच्या बाजूने नाही उतरत, बाई. पलीकडच्या बाजूने उतरतात."

"पलीकडे तर..."

"पाणी आहे. म्हणून तर विचारतोय. उतरून ती कुठे जातात?"

मग तिच्याच कानांना आपला आवाज ऐकू आला : "नोंद घेतली आहे. चौकशी करतो." करते, असंही नाही. करतो.

तिने फोन ठेवला, तेव्हा पोपटाचं हसू मावळलं होतं. तिच्या डोक्यात एक साधा प्रश्न आला. इतका साधा की इतके दिवस आपल्याला कसा सुचला नाही याची तिला लाज वाटली. आजची वाट कालवरून उचलली. कालची परवावरून. परवाची त्याच्या आदल्या दिवसावरून. मग मुळात ही वाट कुणाची? या नकलांच्या तळाशी, खरोखर रस्त्यावरून धावलेली एक तरी बस असायलाच हवी.

"ही पाचची बस," तिने विचारलं, "शेवटची खरी कधी गेली?"

पोपटाने उठून साहेबांच्या केबिनचं दार बंद आहे ना ते पाहिलं. मग खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"तू तेव्हा नव्हतीस इथे. या शहरातच नव्हतात तुम्ही."

"काय झालं होतं?"

"हळू बोल... असंच धुकं होतं. भिंतीपाशी ठिपका गायब झाला. तिथे होतोच नेहमी. तुझ्या आधी इथे एक मुलगी बसायची, तिने टाका घातला. ठिपका पुढे सरकला, वेळेवर इथे खाली पोचला. पाटीवर 'आली' लागलं. घरची माणसं न्यायला आलेली, खाली उभी... बस नाही."

"मग?"

"मग फोन यायला लागले. मी घेतले. मी म्हटलं, बस पोचलीय, मला पडद्यावर दिसतेय." त्याने पडद्याकडे बोट केलं. "पोचलेली बस शोधायला कोण जातं?"

पोपटाने पुन्हा एकदा केबिनच्या दाराकडे पाहिलं.

"दुसऱ्या दिवशी पंपघराच्या माणसाला पाण्यात बसचा टप दिसला. डॉक्टर नंतर म्हणाले... सगळेच काही लगेच गेले नव्हते."

"आणि तो टाका? तो काढला नाही?"

"काढायला चौकशी पुरी व्हावी लागते. चौकशी चालू आहे." पोपट उठला. "त्या महिन्यात आपला आकडा सगळ्यात चांगला आला होता. मी चहा घेऊन येतो. तुला नको ना?"

तो गेला. ती पडद्यासमोर एकटी उरली. म्हणजे रोज ती उचलून डकवत होती ती वाट... आणि रोज पुसत होती ती थांबणूक... मग नेहमीप्रमाणे तिने मनाला समजावलं. सासूबाई आधीच्या बसने येतात. ती बस खरी आहे. तिला खरा ड्रायव्हर आहे, पान खाणारा नसला तरी शिव्या देणारा नक्की आहे. आतापर्यंत त्या वळण ओलांडूनही आल्या असतील.

तेवढ्यात फोन वाजला.

"अगं, ऐक. आधीची बस गेली आमची."

"गेली? कशी गेली?"

"तुझी लेक! डाव्या हाताचा मोजा मिळाल्याशिवाय पायरीवरून हलणार नाही म्हणाली. सगळी बालवाडी पालथी घातली, बाईंना टेबलाखाली वाकायला लावलं. कुणावर गेलीय कोण जाणे."

तिचा हात आपोआप पर्सवर गेला. मुलगी घशात काही अडकवून घेईल, जिन्यावरून पडेल, गॅसच्या बटणाशी खेळेल, अनोळखी माणसाच्या मागे जाईल : या सगळ्या धास्त्या तिने रोज रांगेने करून झालेल्या असत. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. पण हे तिच्या मनानेही चिंतलं नव्हतं.

"आई, तुम्ही तिथेच थांबा. मी येते न्यायला."

"कशाला? पाटीवर दाखवतेय की पाचची. एक मिनिट."

"आई, ती बस नाहीये."

"नाहीये म्हणजे? ही काय, आलीसुद्धा. कधी नव्हे ती वेळेवर. दिवे तेवढे लावलेले नाहीत मेल्यांनी. चल गं भिंगरे, उचल पाय..."

"आई, चढू नका! आई!"

दार उघडल्याचा आवाज आला. बसचं दार सुस्कारा टाकतं, तसा नाही. रिकामी बाटली पाण्यात दाबली की होतो, तसा. मग सासूबाईंचा आवाज एकदम खाली आला, देवळात शिरल्यावर येतो तसा.

"गर्दी आहे गं. पण कोणी बोलत नाही... बरं वाटतं. किती दिवसांनी शांत बस मिळाली..."

पुढे काही नाही. नुसतं टप... टप... कुठेतरी थेंब पडत होते.

पडद्यावर पंपघराचा हिरवा ठिपका हलला.

तिचं बोट 'पुसा' या बटणावर गेलं. एका दाबाने अख्खी फेरी नाहीशी झाली असती. बोट तिथेच राहिलं. फेरी पुसली तर बस जाईल. आणि बसमधली माणसं? ती कुठे उरतील? आजवर तिने पुसलेलं पुढे कुठे जातं, हा प्रश्न तिने कधी विचारला नव्हता. ठिपका गोदामाकडे सरकत होता. त्यानंतर भिंत.

शिंपीणबाईला एकच कला येत होती. पण आज तिने उलटा टाका घातला. या खोलीत जे कधीच कुणी लिहीत नसे ते तिने लिहिलं. गोदामाच्या थांब्यावर बोट टेकवून 'बिघाड' निवडला, आणि खाली अक्षरं चुकत चुकत टाकली : बस बंद पडली. प्रवासी उतरवले.

ठिपका थांबला. त्या अख्ख्या हिरव्या नकाशात तेवढा एकच रक्ताच्या थेंबासारखा लाल झाला.

"आई?" ती फोनमध्ये कुजबुजली. "आई... उतरा. तिचा हात सोडू नका."

बराच वेळ थेंबच. मग, "थांबली की गं ही. उतरते, उतरते. कानात काय ओरडतेस?" आणि त्यापाठोपाठ कुत्र्याचं भुंकणं, एका टेंपोचा कर्कश हॉर्न, कुणीतरी कुणाला दिलेली शिवी. इतकी गोड शिवी तिने आयुष्यात ऐकली नव्हती.

ती पर्स उचलून जिना धडधडत उतरली. पोपट दाराशी दोन कप घेऊन आला होता, त्याच्याकडे तिने पाहिलंही नाही.

मुख्य थांब्यावर धुक्यात चार माणसं उभी होती. ती पाटीखाली जाऊन उभी राहिली, जिथे त्या वेळची माणसं उभी राहिली असतील अगदी तिथेच. हे तिच्या उशिरा लक्षात आलं आणि ती दोन पावलं बाजूला सरकली. ताटकळणं म्हणजे काय ते या नोकरीत तिला पहिल्यांदाच कळत होतं. येणाऱ्या प्रत्येक दिव्याकडे तिची मान वळत होती. शेवटी एक भाजीचा टेंपो कचकन थांबला आणि त्यातून आधी सासूबाईंची पिशवी, मग सासूबाई, मग भिंगरी उतरली.

तिने लेकीला उचलून इतकं घट्ट धरलं की ती ओरडली.

"तुमची बस आणि तुमची ती सेवा!" सासूबाईंनी तोंडाचा पट्टा सुरू केला. तोही आज तिला गोड लागला. "चांगली चालली होती, मधेच बंद. कंडक्टर तोंडातून शब्द काढील तर शपथ. दार उघडून नुसता उभा. मी सगळ्यांना म्हटलं, अहो, उतरा, पडली बंद. एकही उठेना. आपले समोर बघत बसलेत. म्हटलं, बसा मग, तुम्हांला काही घाई दिसत नाही. हा टेंपोवाला देवमाणूस म्हणून..."

भिंगरीला खाली ठेवताना आईच्या मानेला काहीतरी गार लागलं. तिने पाहिलं. भिंगरीच्या दोन्ही हातांत मोजे होते.

डावा मोजाही लालच होता. कधीकाळी असावा. आता विटलेला, शेवाळल्यासारखा, आणि चिंब ओला.

"हा कुणी दिला?"

"खिडकीतल्या मुलीने. तिच्याकडे एकच होता."

"मग... तिला नको?"

"ती म्हणाली, मला आता गार लागत नाही."

आईने तो मोजा ओढून काढला. काढताना त्यातून पाणी गळलं. एवढ्याशा मोज्यातून यावं त्याहून खूप जास्त. तिने तो रस्त्याकडेच्या गटारात टाकला, पर्समधून सासूबाईंनी विणलेला, कोरडा, तिरक्या अंगठ्याचा मोजा काढून लेकीच्या हातात चढवला. सासूबाईंनी ते पाहिलं. "तुझ्याकडेच होता होय," असं त्या म्हणणार, म्हणून तिने मान खाली घातली. घरी जायचं, पाणी तापवायचं, पोरीला न्हाऊ घालायचं. आणि उद्या या नोकरीवर पाणी सोडायचं.

"अरे वा, हीच का तुमची कन्या?"

साहेब. घरी निघालेले, हातात गाडीची किल्ली. त्यांनी वाकून भिंगरीचा गाल चिमटीत धरला आणि बोटं रुमालाला पुसली.

"बरं झालं भेटलात. पाचच्या बसवर तुमच्या हातून चुकून बिघाड पडला होता."

"चुकून नव्हता, साहेब."

"होतं असं. लहान मूल असलं की लक्ष सगळं घराकडे." त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "महिनाअखेर आहे. एक लाल ठिपका कशाला? मी पुसला तो, खालच्या 'प्रवासी उतरवले'सकट. स्वतः टाका घातला. गोदामापासून पुन्हा चालू केलीय बस. आत्ता भिंतीपाशी आली असेल." त्यांनी घड्याळ पाहिलं. "भरून काढेल वेळ. काळजी करू नका, तुमच्या नावावर काही येणार नाही."

"साहेब, थांबा... साहेब!"

गाडीचे मागचे दिवे धुक्यात विरून गेले.

ती वळली. सासूबाई बोलायच्या थांबल्या होत्या. वाक्य अर्ध्यावर, तोंड किंचित उघडं. त्यांचा उजवा हात वर गेला होता, बसमध्ये उभं राहिलेलं माणूस वरची कडी धरतं तसा. वर कडी नव्हती. नुसतं धुकं होतं. भिंगरी त्यांना चिकटून उभी होती, पाय फाकवून, तोल सांभाळत. आयुष्यात पहिल्यांदाच अगदी शांत.

सरळ, सपाट फुटपाथवर त्या दोघी हळूच एका अंगाला कलल्या. एकदम. वळणावर बस कलते तशा.

वर जाऊन बिघाड पुन्हा टाकायचा तर जिना चढायला हवा होता. आणि जिना चढायचा तर लेकीचा हात सोडायला हवा होता. तिने खाली पाहिलं. आत्ताच घातलेल्या कोरड्या मोज्याच्या टोकाशी पाण्याचा एक थेंब जमत होता.

तिने तो हात दोन्ही हातांनी घट्ट धरला.

भिंगरीने वर पाहिलं. गर्दीत ओळखीचं माणूस भेटावं तसा तिचा चेहरा उजळला.

"आई," ती हळूच म्हणाली, "तू कुठल्या थांब्यावर चढलीस?"